नाकतोड्यांची पैदास आणि कुंपणावरील सरडगुहिरा

युरोप-अमेरिकेत सरड्यांच्या जातीचे प्राणी हौसेने घरात पाळणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांपैकी शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडगुहिरा, हा निश्चल भक्ष्याला सहसा तोंड लावीत नाही. कीटक हालताना दिसला म्हणजेच तो आपली लांब जीभ फेकतो. त्यामुळे त्या देशांत टोळ, नाकतोडे व रातकिडे यांची पैदास करून ते जिवंत विकण्याचा स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. हा जोडधंदा आपणही का करू नये, असा विचार एखाद्या होतकरू तरुणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याला द्यावयाचे उत्तर ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांजवळ तयार असले पाहिजे.

पैदाशीची रीत फारशी अवघड नाही. जाळीच्या हवेशीर पेटीत सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता राखतात. ओलसर वाळूचे भांडे ठेवले म्हणजे टोळाची मादी त्यात पोट खुपसून अंडी घालते. साधारणपणे दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. ताजे गवत व गव्हाचा कोंडा यांवर ती वाढतात आणि अनेक वेळा कात टाकून पंख फुटलेले टोळ बनतात. नुसत्या कीटकांवर ठेवलेल्या सरड्यास कॅल्शियम कमी पडून त्याची हाडे मऊ होतात. म्हणून कीटकांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरून ते त्यास देतात. मात्र दाटीत रोग झपाट्याने पसरतो. २००९-१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेत एका विषाणुरोगाने पैदास-केंद्रांतील रातकिड्यांचा मोठा संहार झाला.

परंतु रीत सोपी आहे एवढ्यावरून ती आपल्या गावी आणावी, हे आम्हांस मान्य नाही. सरडगुहिरा हा आपल्याकडील रानचा प्राणी असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास संरक्षण आहे. त्यास पकडणे, पाळणे वा विकणे हा गुन्हा होय. ज्या हौसेवर परदेशातील हा धंदा उभा आहे, तिला येथे खतपाणी घातल्यास आपल्या कुंपणावरचे सरडगुहिरे पिंजऱ्यात जातील, ही भीती खोटी नव्हे.

दुसरा धोका पिकांचा. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड आली, तेव्हा शेतकऱ्यांची कशी धावपळ उडाली हे विदर्भ विसरलेला नाही. भातशेतीत नाकतोड्यांची अंडी नष्ट व्हावीत म्हणून उन्हाळ्यात बांध छाटावेत, असे आपणच सांगतो. मग त्याच गावात पेटीत नाकतोडे वाढविण्यास सांगावे काय? पेटीची जाळी फाटली तर नुकसान शेजाऱ्याच्या शेताचे होईल.

ज्याला कीटक वाढवावयाचेच आहेत, त्याने ते परसातील कोंबड्यांसाठी वाढवावेत. जुन्या मडक्यात शेण, पालापाचोळा व गोणपाटाचे तुकडे भरावेत, पाणी शिंपडावे आणि संध्याकाळी ते मडके वारुळाजवळ ओल्या जमिनीवर पालथे घालावे. दुसऱ्या दिवशी त्यात वाळवी जमलेली आढळते. ती पिलांपुढे झटकावी. खर्च जवळजवळ नाही आणि पिलांना प्रथिने मिळतात. मात्र जेथे वाळवीनाशक औषध टाकले असेल, तेथील वाळवी देऊ नये.

राहिला सरडगुहिरा. तो विषारी आहे या समजुतीने त्यास दिसताच दगड मारतात. वास्तविक तो मुळीच विषारी नाही. मादी अंडी घालण्यासाठी झाडावरून जमिनीवर उतरते, तेव्हा तिच्या मंद चालीमुळे ती सहज बळी पडते. एकटा सरडगुहिरा पीक वाचवील असे नव्हे. तथापि तो दिवसभर कीटक टिपतो आणि त्याबद्दल काही मागत नाही. परदेशातील हौशी माणूस पैसे मोजून त्याला नाकतोडे विकत आणतो. आपल्या बांधावर तो स्वतःच ते शोधून खातो. शेतकरी बंधूंनी कुंपणाची झुडपे राखावीत, मुलांच्या हातातील दगड खाली ठेववावा, आणि त्याला त्याच्या जागी सुखाने राहू द्यावे.