गाळ्यातला अपघात आणि मालकाचे देणे

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर 18 डिसेंबर 2017 रोजी पहाटे एका फरसाणाच्या दुकानाला आग लागली. दिवसभर राबून तिथेच झोपलेले 12 कामगार त्या आगीत गेले. पोट भरण्यासाठी गाव सोडून मुंबईत आलेली ही माणसे होती. आज इतक्या वर्षांनंतरही कुर्ला, साकीनाका, असल्फा, घाटकोपरच्या पुष्कळ गाळ्यांत तीच मांडणी दिसते. खाली मशीन, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर कारागिरांच्या वळकट्या आणि उतरायला एकच लोखंडी शिडी.

या गाळ्यांपैकी बरेच आपल्या माणसांचे आहेत. जरीकाम, शिलाई, चामड्याची कामे, फर्निचर, पत्र्याचे काम. मालक आपला आणि कारागीरही आपलाच, कित्येकदा एकाच गावचा, नात्यातला. म्हणून या महिन्यात आम्ही मालकांशी बोलणार आहोत. त्यांच्या घरातल्या भगिनींनीही हे वाचावे, कारण पुष्कळ घरांत हिशेबाची वही त्यांच्याच हाती असते.

अपघात झाला की आपल्याकडे काय होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पॉवर प्रेसखाली कारागिराचे बोट जाते. मालक घाबरतो, धावपळ करतो, जवळच्या दवाखान्यात नेतो, बिल भरतो. चार दिवसांनी वीस-पंचवीस हजार रुपये हातावर ठेवतो आणि ‘गावी जाऊन आराम कर’ म्हणतो. कारागीर दुआ देत गाडीत बसतो. मालकाला वाटते, आपण माणुसकीने वागलो. तो वागलाही असेल. पण त्याचे देणे फिटले का?

हिशेब करून पाहू. कारागीर 30 वर्षांचा आहे, पगार महिना 12,000 रुपये. तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200 रुपये घ्यायचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. 30 वर्षांसाठी हा आकडा 207.98 आहे. रक्कम येते 14,97,456 रुपये. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के कमी झाली, असे कायद्याचे परिशिष्ट धरते. म्हणजे त्या एका बोटाची भरपाई सुमारे 2,09,600 रुपये झाली. अंगठा गेला तर 30 टक्के. मृत्यू झाला तर 60 ऐवजी 50 टक्के धरतात, म्हणजे याच कारागिराच्या वारसांना 12,47,880 रुपये. दवाखान्याचा खर्च यातून कापता येत नाही, तो वेगळा.

हा कायदा नवा नाही. तो 1923 साली झाला आणि 1 जुलै 1924 पासून लागू झाला. त्यातल्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आल्या आहेत आणि ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. नाव बदलले तरी देण्याचे मूळ तेच आहे. शंभर वर्षांत हा कायदा गाळ्यापर्यंत पोहोचला नाही, याचे कारण मालकाला तो कोणी शिकवला नाही. माल कुठून घ्यावा, जीएसटी कसा भरावा हे त्याने शिकून घेतले. माणूस जखमी झाला तर काय करावे, हे शिकायचे राहून गेले.

आता ही शिकवणी घरबसल्या मिळू शकते. 4 मार्च 1966 रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आपल्या शेजारी नवी मुंबईत आहे. तिचे वर्ग ऑनलाइनही होतात. तिच्या स्थापनेचा दिवस देशभर सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. शीवची केंद्रीय श्रम संस्थाही याच विषयाचे प्रशिक्षण देते. असा वर्ग करताना प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरता करू नये. इशाची नमाज झाल्यावर तासभर फोन घेऊन बसावे, घरात हिशेब पाहणारे आणि गाळ्यातला मुकादम यांनाही सोबत घ्यावे. वर्ग संपल्यावर पुढच्या गोष्टी आपल्याला नीट कळल्या आहेत की नाही, हे स्वतःला विचारावे.

पहिली गोष्ट, कोणाला कोणता कायदा लागू. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये नोंदणी करावी लागते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. मालकाने पगाराच्या 3.25 टक्के भरायचे, कामगाराने 0.75 टक्के. बारा हजारांच्या पगारावर मालकाचा वाटा 390 रुपये होतो. एवढ्यावर उपचार, कामावर येता न आल्यास सरासरी पगाराच्या 90 टक्के आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला दरमहा रक्कम मिळते. मुलुंड आणि कांदिवलीला या योजनेची रुग्णालये आहेत.

दुसरी, माणसे दहापेक्षा कमी असली तरी सुटका नाही. विजेवर मशीन चालवून माल बनवणाऱ्या चार जणांच्या गाळ्यालाही भरपाईचा कायदा लागतो, फक्त रक्कम मालकाला स्वतः द्यावी लागते. म्हणून अशा मालकाने विमा कंपनीकडून डब्ल्यूसी पॉलिसी घ्यावी. बांधकामाचे ठेकेदार ही पॉलिसी चांगली ओळखतात. ठेकेदारामार्फत आणलेला माणूस आपल्या धंद्याचे काम करताना जखमी झाला, तरी तो आपल्याकडे भरपाई मागू शकतो.

तिसरी, ‘त्याचीच चूक होती’ हे उत्तर चालत नाही. नजर चुकली, घाई केली, झोप आली म्हणून हक्क जात नाही. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा मशीनचे संरक्षक झाकण मुद्दाम काढले असेल, तरच मालकाला बचाव मिळतो. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तोही मिळत नाही.

चौथी, स्टॅम्प पेपरवर ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले, तरी कामगाराचा हक्क संपत नाही. मृत्यूची भरपाई परस्पर नातेवाइकाच्या किंवा ठेकेदाराच्या हाती देऊ नये. ती भरपाईचे काम पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी, म्हणजे गावाकडची बेवा आणि लहान मुले यांच्यापर्यंत ती पोहोचते. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड अशी 1923 च्या कायद्यातली तरतूद आहे. हा दंड सहसा विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. अपघातापासून दोन वर्षांच्या आत कामगाराला दावा लावता येतो.

पाचवी, माणूस कामाला ठेवतानाच त्याला हा हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी सांगणे, हे 2017 च्या दुरुस्तीने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे.

पैशाचा हिशेब अपघातानंतरचा झाला. त्याआधीचा हिशेब सोपा आहे. प्रेसच्या पात्यावर जाळी बसवणे, उघडी वायर बदलणे, थिनर आणि गॅस सिलिंडर झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणे, पोटमाळ्यावर कोणालाही झोपू न देणे आणि बाहेर पडायला दुसरी वाट ठेवणे. ही वाट मालाच्या पोत्यांनी अडवलेली नसावी. यातले बरेचसे काम एका जुम्म्याच्या सुट्टीत उरकते.

मजुरी वेळेवर द्यावी, ही आपल्या प्यारे नबी (स.) यांची शिकवण लहान मुलांनाही पाठ असते. ज्या हाताने मजुरी कमावली तो हातच आपल्या कामात गेला, तर त्याचे देणे मजुरीपेक्षा कमी कसे धरता येईल? काही जण जखमी कारागिराला दिलेली रक्कम रमजानच्या जकातीत धरतात. आलिमांना विचारून पाहा. जे आपल्यावर कर्ज आहे, ते फेडून जकात अदा होत नाही. सदका देणारा वर असतो आणि घेणारा खाली. भरपाई मागणारा कारागीर मात्र आपल्या बरोबरीने उभा असतो, कारण तो आपले स्वतःचे मागत असतो.

मालक भावांनो, उद्या गाळा उघडाल तेव्हा आधी माणसे मोजा. दहा भरली तर ईएसआयची नोंदणी तपासा, नाही भरली तर पॉलिसीची तारीख पाहा. मग वर पोटमाळ्याकडे एक नजर टाका. तिथे अंथरूण दिसले, तर आज रात्री ते खाली आले पाहिजे.