चुकीचे भांडवल

वृत्तपत्राची एक चूक इतिहासातील गुन्हा पुसू शकते काय? जपानमधील उजव्या गटाला तसे वाटते, आणि २०१४ सालापासून त्याच्या या युक्तिवादाला जोर चढला.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये उदारमतवादी ‘असाही शिंबुन’ने सेइजी योशिदा या इसमाच्या साक्षीवर आधारलेली आपली वृत्ते मागे घेतली. कोरियाच्या जेजू बेटावरून जपानी सैन्यासाठी स्त्रियांना बळजबरीने पकडून नेल्याचे तो सांगत असे. ‘असाही’ने ही हकीगत प्रथम १९८२ साली छापली, १९९७ साली तिची सत्यता पडताळता येत नाही असे मान्य केले, ती मागे घेण्यास मात्र आणखी १७ वर्षे लावली. हा विलंब अक्षम्य होता.

परंतु त्यातून ‘सांकेई’सारख्या राष्ट्रवादी पत्राने काढलेला निष्कर्ष त्याहून अक्षम्य होय. लष्करी वेश्यागृहांत कोंडलेल्या स्त्रियांचा प्रश्न योशिदाच्या साक्षीवर उभा नव्हता. १९९१ साली किम हाक-सुन या कोरियन वृद्धेने स्वतःचे नाव सांगून आपली कैफियत जगापुढे मांडली; १९९३ च्या कोनो निवेदनात खुद्द जपान सरकारने लष्कराचा सहभाग मान्य केला.

सर्वाधिक खपाचे ‘योमिउरी’ या दोहोंहून निराळे. २००५-०६ मध्ये त्याने युद्धाच्या जबाबदारीची दीर्घ चिकित्सा करून तोजोप्रभृती नेत्यांना दोषी धरले. त्याच पत्राने २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये, आपल्या इंग्रजी आवृत्तीत या स्त्रियांना ‘लैंगिक गुलाम’ म्हटल्याबद्दल क्षमा मागितली! नेत्यांचा दोष कबूल, पण पीडितांच्या दुःखाला त्याचे खरे नाव नको, असा हा हिशेब आहे.

या मतभेदांत बाजारपेठेचा विसर पडता कामा नये. १९३१ साली मांचुरियावर स्वारी झाली तेव्हा ‘असाही’ व ‘मैनिची’ ही दोन्ही थोर पत्रे सैन्यामागे उभी राहिली, आणि युद्धवार्तांनी त्यांचा खप वाढविला. देशभक्ती तेव्हा किफायतीचा धंदा होती; आज गुन्ह्याच्या इन्कारालाही गिऱ्हाईक आहे.

१९९५ साली समाजवादी पंतप्रधान तोमिइची मुरायामा यांनी वसाहतवादी राजवट व आक्रमण यांबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती वाट टिकवावयाची तर पुरोगामी पत्रांनी आणि पक्षांनी पुराव्याच्या बाबतीत प्रतिपक्षाहून अधिक कठोर असले पाहिजे. डाव्यांची सैल साक्ष ही उजव्यांची आयती शिदोरी ठरते, आणि तिची किंमत मोजावी लागते ती पीडितांना.