विश्लेषण : बीडमधली मुलं कशी शिकतात, यावर पीएचडी करणं एवढं अवघड का?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, म्हणजे इथल्या भाषेत 'कोयते', पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. काही मुलं सोबत जातात, काही आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधारावर मागे राहतात. आईबाप परततात तेव्हा शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं.

मूल कसं वाढतं आणि कसं शिकतं, यावर शैक्षणिक मानसशास्त्रात पीएचडी करणाऱ्याला याहून महत्त्वाचा विषय मिळणं कठीण. आणि याहून गैरसोयीचाही.

अडचण नेमकी कुठे येते?

मुलात होणारा बदल टिपायचा तर तेच मूल पुन्हा पुन्हा भेटावं लागतं. जूनमध्ये वर्गात दिसलेलं मूल डिसेंबरमध्ये मात्र दुसऱ्या जिल्ह्यात, फडाजवळच्या कोपीत असू शकतं. पुढच्या वर्षी मुकादम बदलतो, कारखानाही बदलतो. अभ्यासासाठी पालकांची संमती हवी, तर पालक पहाटेच फडात गेलेले.

मग सोपा मार्ग उरतो. शाळेत जायचं, हजर मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, आकडेमोड करायची. प्रबंध होतो, पदवीही मिळते. पण ज्याच्याबद्दल जाणून घ्यायचं होतं, नेमकं तेच मूल नमुन्यातून गळतं. निष्कर्षावर मात्र 'बीड जिल्ह्यातील विद्यार्थी' असंच लिहिलं जातं!

शाळेतल्या चाचणीत काय सुटतं?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं पाचच होती, 9 ते 15 वयोगटातली. विक्री करताना त्यांचे सुमारे 98 टक्के हिशेब बरोबर आले. तशीच गणितं शाळेच्या पद्धतीनं कागदावर दिली, तेव्हा हे प्रमाण 37 टक्क्यांच्या आसपास घसरलं. 2025 मध्ये 'नेचर' नियतकालिकात आलेल्या कोलकाता आणि दिल्लीतल्या अभ्यासात बाजारात काम करणाऱ्या मुलांबाबत असंच दिसलं. उलट, शाळेत जाणाऱ्या पण काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जड गेले.

फडावरचं मूल मोळ्या मोजताना, टनाचा भाव आणि अंगावरची उचल यांच्या गप्पा ऐकताना काय शिकतं? आणि त्याच महिन्यांत वाचन-लेखनातलं काय विसरतं? या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायच्या तर संशोधकाला शाळेतही जावं लागेल आणि कोपीवरही. 'मागास मूल' हा शिक्का त्याआधी मारणं म्हणजे घाईच.

वेळ आणि पैसा कुठून येणार?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं मिळतात. त्यातच कोर्सवर्कही आलं. जेआरएफ मिळालेल्याला सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. 2024 पासून नेटमधून फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र होता येतं, पण त्या पात्रतेसोबत जेआरएफचे पैसे येत नाहीत. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था फेलोशिप देतात. सारथीची संख्या 200 वर आणल्याचा मुद्दा डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत आला, तेव्हा पीएचडी करून काय दिवे लावणार, अशा अर्थाच्या तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या विधानावरून वाद झाला होता.

बीडच्या संशोधकासाठी हिशेब साधा आहे. सहा वर्षं म्हणजे सहाच गळीत हंगाम. पहिला बहुतेक कोर्सवर्क आणि विषयाच्या मंजुरीतच जातो, शेवटचा प्रबंध लिहिण्यात. फेलोशिपचा हप्ता अडला, तर कारखान्याच्या गावी जाण्याचं एसटीचं भाडं खिशातूनच. आणि चुकलेला हंगाम वर्षभर पुन्हा येत नाही.