पट्टा गाडीत, साप गवतात

शनिवार-रविवारी फार्महाउसवर येऊन कुत्रा मोकळा सोडणारे माझ्यासारखेच आयटीवाले मला हमखास विचारतात, "इथं साप दिसण्याची शक्यता किती?" कोणाला दिसण्याची? पावलांची थरथर जाणवली की बहुतेक साप बाजूला होतात, त्यामुळे माणसाला ते क्वचितच दिसतात. कुत्रा मात्र गवतात नाक खुपसत जातो. घोणस तर जागची हलत नाही. कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, आणि कुत्र्याला तो खेळ वाटतो. वाट एकच, शक्यता दोन. पावसाळ्यात, अंधार पडल्यावर ती आणखी वाढते.

मग मागणी येते, सर्पमित्राला बोलवा, साप लांब सोडा. पण उंदीर तिथंच राहिले तर दुसरा साप येणारच.

2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यांतली. त्याच बांधावर रोज उघड्या हातांनी गवत कापणाऱ्या बाईला शक्यतेचं गणित कुणी विचारत नाही. तुम्हाला पट्टा आणि बॅटरी जमत नसेल, तर कुत्रा अंगणातच फिरवा.