उसन्या पार्टचं बिल

साखर संपली की शेजारून वाटीभर आणायची आणि किराणा आला की वाटीनेच परत करायची, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आपल्या आजीच्या घरी पाहिलं असेल. त्यात भाव कधी निघत नाही. मधल्या काळात साखर महागली तरी वाटी ती वाटीच.

एकाच कंपनीच्या गाड्या विकणारे डीलरही सुटे भाग बरीच वर्षं असेच देत-घेत आले. बालाघाटच्या वर्कशॉपमध्ये क्लच सेट नाही, गोंदियात आहे. फोन करायचा, "भाऊ, एक सेट बसवर टाकून द्या." संध्याकाळी डबा हजर. आपली ऑर्डर आली की तसाच डबा परत. पार्ट्सवाल्याच्या वहीत एक ओळ लिहायची, परतफेड झाली की ती खोडायची.

गेल्या वर्षी एका डीलरच्या स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. या वहीच्या जागी प्रोग्राम बसवायचा होता, आणि प्रोग्रामला वहीसारखं गप्प बसता येत नाही. तो विचारतो: किंमत किती?

विचारायलाच हवं, कारण जीएसटीच्या कायद्यात विक्रीबरोबर अदलाबदलसुद्धा 'पुरवठा' धरली आहे. म्हणजे डबा गेला त्याचं एक बिल, तसाच डबा परत आला त्याचं दुसरं. त्यात बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र. दोन्ही दुकानांचा मालक एकच असला तरी दोन राज्यांतल्या नोंदण्या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती, त्यामुळे आपल्याच दुकानातून आपल्याच दुकानात माल नेला तरी बिल. एका गोष्टीत मात्र आताचं बरं आहे. 2017 च्या जुलैआधी दुसऱ्या राज्यातून माल घेतला तर सी-फॉर्म देऊनही दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा आणि त्याची वजावट मिळत नव्हती. आता आयजीएसटी भरला तर तो पुढच्या करातून वजा होतो. शिवाय माल पन्नास हजारांच्या आतला असेल तर सहसा ई-वे बिलही लागत नाही, म्हणून क्लच सेट बसने येऊ शकतो. अख्खं इंजिन आणायचं तर मात्र कागद करावे लागतात.

आता किंमत. समजण्यापुरते आकडे घेऊ. डब्यावर एमआरपी 11,800 रुपये. त्यातला 18 टक्के जीएसटी काढला की राहिले 10,000. डीलरला कंपनीकडून नेहमीच्या ऑर्डरमध्ये हा सेट 8,000 ला पडतो असं धरा. दुसऱ्या डीलरला देताना काही जण 'खरेदी अधिक पाच टक्के' लावतात, म्हणजे 8,400. काही जण 'एमआरपी वजा दहा टक्के' लावतात, म्हणजे 9,000.

दोन्ही सूत्रं प्रोग्राममध्ये एका ओळीची. पण ग्राहकाकडून एमआरपीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. त्यामुळे दोन डीलरमधली किंमत म्हणजे खरं तर त्या 2,000 रुपयांची वाटणी. गोंदियाने 9,000 लावले तर बालाघाटला हजार उरले, त्यातून बसचं भाडं आणि हमाली. आणि जो लहान गावात आहे, ज्याच्याकडे स्टॉक ठेवायला भांडवल कमी, तोच जास्त वेळा मागतो. दर वेळी त्याच्याच वाट्याला लहान तुकडा.

मग वाजवी काय? मी पार्ट्सवाल्यांशी बोललो तेव्हा कळलं की त्यांच्या डोक्यात दोन कुंपणं असतात. देणाऱ्याचं कुंपण: तोच सेट पुन्हा मागवायला आज काय पडेल. जुन्या खरेदीचा भाव इथे कामाचा नाही. मधे कंपनीने दर वाढवला असेल तर जुन्या भावाने देणारा बुडतो. घेणाऱ्याचं कुंपण: को-डीलरने नाहीच म्हटलं तर कंपनीकडे तातडीची ऑर्डर टाकून काय पडेल. तातडीच्या ऑर्डरवर सहसा सूट कमी मिळते. समजा सेट 8,800 ला पडला आणि यायला चार दिवस लागले. खरी किंमत या दोन कुंपणांमध्ये कुठेतरी. आणि गोंदियाकडे तो डबा वर्षभर धूळ खात पडला असेल तर ते कुंपणाच्या आतसुद्धा द्यायला तयार होतात, आनंदाने.

ते चार दिवस कोणाचे, हा माझ्या मते कळीचा प्रश्न. मलाजखंडच्या रस्त्यावर भाड्याने चालणारी पिकअप चार दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. डीलरच्या वाटणीत या माणसाचा रकाना नसतो.

सगळ्यात वाईट अवस्था वॉरंटीतल्या गाडीची. तिथे पार्टचे पैसे कंपनी देते, आणि साधारणपणे स्वतःच्याच दराला धरून देते. बालाघाटने गोंदियाकडून 9,000 ला आणला तर वरचा फरक खिशातून. म्हणून बऱ्याचदा "पार्ट ऑर्डर केला आहे" एवढंच उत्तर मिळतं, आणि चाळीसेक किलोमीटरवर तोच डबा फळीवर असतो. आपली गाडी अशी अडकली तर "को-डीलरकडे स्टॉक पाहिला का?" असं सरळ विचारा. हा शब्द ऐकला की काउंटरवरचा माणूस जरा नीट बसतो.

बाहेरून पार्ट मिळवण्याची वाट का अरुंद, यालाही इतिहास आहे. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि 25 ऑगस्ट 2014 ला 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या अस्सल पार्ट खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, बाहेरच्या मेकॅनिकला ते मिळत नाहीत, हा मुख्य आक्षेप. पुढे अपिलं झाली. डबा डीलरांच्या रिंगणातच फिरतो तेव्हा रिंगणातल्या भावाला महत्त्व येतं ते असं.

'एमआरपी वजा' सूत्राचं आणखी एक दुखणं 22 सप्टेंबर 2025 ला दिसलं. त्या दिवशी बहुतेक पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. जुन्या डब्यावर 12,800 छापलेले. त्याला नव्या दराने भागलं तर मूळ किंमत 10,000 ऐवजी 10,847 निघते. डब्यातल्या मालात काडीचाही फरक नाही. छापील आकड्यावर किंमत बांधली की असं होतं.

शेवटी प्रोग्राममध्ये 'आज पुन्हा मागवायची किंमत अधिक ठरलेली टक्केवारी' ठेवली. वॉरंटीच्या गाडीला टक्केवारी शून्य, वर्षभर पडून असलेल्या मालाला उणे. दोघांनी कोणाला किती वेळा दिलं याची मोजणीही ठेवली. काउंटरवरच्या काकांनी पाहून मान डोलावली आणि आणखी एक रकाना मागितला: "मागितलं तेव्हा कोण नाही म्हणालं." तोही टाकला आहे.