'टेन्शन'चा रंग कोणता?

राग, भीती, शरम आणि आपण सुरक्षित आहोत याची टोचणी, हे सगळं एकाच वेळी मनात असतं. अम्मीने विचारलं की आपण एवढंच म्हणतो, 'टेन्शन आहे.' आमच्या सॉफ्टवेअर क्षेत्राने यावर काढलेला उपाय म्हणजे मूड नोंदवणारी ॲप्स: पाच चेहरे, त्यातला एक दाबा. रात्री दंगलीचे व्हिडिओ पाहून सकाळी दहाच्या मीटिंगला हसत बसणाऱ्या मुलाने कोणता दाबायचा?

इथे मला तय्यब मेहता आठवतात. १९४७ साली, ऐन विशीत, मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी पाहिलं. ते दृश्य त्यांना आयुष्यभर पुरलं. पण चित्रांत येतो तो पाय बांधून पाडलेला बैल, कोसळणारी माणसं. वांद्र्याच्या कत्तलखान्यातले बैल त्यांच्या 'कूडल' या १९७० च्या लघुपटातही आहेत. आणि १९६९ पासून येते ती तिरपी रेघ, कॅनव्हास आणि माणूस दोन्ही दुभंगणारी. भोवती सपाट रंग. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख हे शाळेतलं गणित इथे चालत नाही. शांत दिसणाऱ्या रंगाला रेघ कापते, तिथेच पोटात गोळा येतो.

'चित्र काढणं जायज आहे का?' हा प्रश्न घरात येणारच. सजीवांच्या चित्रांबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, आणि ती टाळणाऱ्यांचा मला आदर आहे. पण रंगाच्या पट्ट्याला चेहरा लागत नाही. मशिदीच्या जाळ्या आणि खत्ताती पाहत वाढलेल्या आपल्याला हे कुणी समजावायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. तेलखडू घ्या, वहीचं पान घ्या. भावनेला नाव देऊ नका. दोन-तीन रंग निवडा आणि कोण किती जागा खातो, कुठे एकमेकांना भिडतात ते पाहा. गेल्या महिन्यात माझ्या पानावर लाल कोपऱ्यात राहिला आणि करडा सगळीकडे पसरला. बायको म्हणाली, "हा राग नाही, तुम्ही थकलाय." त्या रात्री आम्ही बऱ्याच दिवसांनी बोललो.

हे पान इन्स्टावर टाकू नका. आणि झोपच उडाली असेल, नमाजलाही मन लागत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. जाताना वही सोबत न्या. 'काय होतंय?' या पहिल्याच प्रश्नाला शब्द सुचले नाहीत, तर ती उघडून पुढे ठेवता येईल.