कारणाविना कृती : एका सर्व्हर-फाईलच्या निमित्ताने

‘उपयोजित मराठी’ ही अभ्यासपत्रिका आता अनेक विद्यापीठांतून स्थिरावली आहे. तीत अर्जलेखन असते, इतिवृत्त असते, जाहिरातीचा मसुदा असतो, सूत्रसंचालनही असते. एखादी व्यवस्था बिघडली असता दोष कोठे आहे हे कसे शोधावे, याचे सकारण गद्य मात्र तीत क्वचितच आढळते. हे गद्य शिकवणे मराठी विभागाचेच काम आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी आम्ही मुद्दाम असे उदाहरण घेत आहोत, ज्याचे नाव काढताच आमच्या व्यवसायातील अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात : अनेकांनी मिळून खेळायच्या संगणक-खेळाचा स्वतंत्र सर्व्हर.

आठ्यांचे एक कारण आधीच दूर करू. हा पैशांचा जुगार नव्हे. संसदेने २०२५ साली केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही पैसे लावून खेळले जाणारे खेळ आणि इतर खेळ यांत स्पष्ट रेषा ओढली आहे. जी रेषा कायद्याला दिसते, ती प्राध्यापकांना दिसू नये काय?

माइनक्राफ्ट हा परिचित खेळ घ्या. त्याचा सर्व्हर स्वतःच्या संगणकावर चालवता येतो, आणि त्याची बरीचशी मांडणी ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ या साध्या मजकुराच्या फाईलीत असते : डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मूल्य. समजा, औरंगपुऱ्यात खोली घेऊन शिकणाऱ्या एका मुलाने तो सुरू केला. त्याला स्वतःला खेळात शिरता येते. सिल्लोडच्या आणि पैठणच्या मित्रांना येत नाही. मुलगा एखादा व्हिडिओ लावतो. व्हिडिओ सांगतो : फायरवॉल बंद करा, ‘ऑनलाइन-मोड’समोर ‘फॉल्स’ लिहा, पोर्ट उघडा. का, ते सांगत नाही. मुलगा तिन्ही करतो आणि मित्र बाहेरच राहतात. दरम्यान घडले ते असे. येणारा खेळाडू जे नाव सांगतो ते खरोखर त्याचेच आहे काय, याची खेळाच्या कंपनीकडून होणारी पडताळणी म्हणजे ‘ऑनलाइन-मोड’. ती बंद केली की कोणीही संचालकाचे नाव धारण करून यावे आणि त्याचे अधिकार वापरावेत. दार बंदच राहिले. पहारेकरी मात्र घरी गेला.

आता हेच सकारण करून पाहू. प्रथम फाईलीची एक प्रत बाजूला ठेवावी. एका वेळी एकच मूल्य बदलावे, म्हणजे परिणाम कशाचा हे कळते. आणि बदलानंतर सर्व्हर पुन्हा सुरू करावा, कारण ही फाईल तो सुरू होतानाच वाचतो. मग दोषाचे क्षेत्र आकुंचित करत जावे. ज्या संगणकावर सर्व्हर आहे त्यावरूनच आत शिरता येते काय? येत नसेल तर सर्व्हरची नोंद, म्हणजे लॉग, उघडावी आणि पहिल्या तक्रारीपासून वाचावी. पुढच्या तक्रारी बहुधा पहिलीचीच संतती असतात. शिरता येत असेल तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून पाहावे. तेथे अडले तर फायरवॉलवर संशय घ्यावा, पण ती सगळी बंद न करता त्या एका कार्यक्रमापुरती परवानगी द्यावी. तेथेही जमले आणि केवळ बाहेरच्यांनाच अडत असेल, तर फाईल बहुतांशी निर्दोष समजून राउटरकडे वळावे. नेहमीचे पोर्ट २५५६५. त्यावर येणारी हाक राउटर सर्व्हरच्या संगणकाकडे पाठवतो काय?

पाठवत असूनही मित्र बाहेरच असतील, तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने राउटरला दिलेला पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो सार्वजनिक पत्ता नव्हेच. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवता यावेत म्हणून एप्रिल २०१२ मध्ये हा टप्पा राखून ठेवण्यात आला. बाहेरची हाक त्या सामाईक दाराशीच थांबते. फाईलीत रात्रभर बदल केले तरी ती खोलीपर्यंत पोचणार नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा, किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा.

वाचकांनी पाहिले असेल की वरील मजकुरात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर’ हे शब्द सारा भार वाहत आहेत. ही रीत मराठीच्या अभ्यासकाला परकी असण्याचे कारण नाही. पाठचिकित्सा याहून वेगळे काय करते? प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या, चूक कोठे शिरली आणि तेथून कोणकोणत्या प्रतींत उतरली याची वंशावळ लावायची, मूळ पाठावर पुराव्यावाचून हात चालवायचा नाही. येथून जवळच, पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्या कामाचा गौरव करणाऱ्या विभागाने दोषशोधनाला ‘तांत्रिक’ म्हणून बाहेर उभे करावे, हा विनोद आहे.

सकारण सूचनांचीही आपल्याकडे परंपरा आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण ते म्हातारपणी कामाला येत नाही, असे रामदास सांगतात. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र गडाला एकच दरवाजा असणे हा दोष मानते, आणि दरवाजा खालून होणारा मारा चुकेल असा बांधायला सांगते. १९७० सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी घरांना स्वयंपाक शिकवला.

साहित्याची प्रतिष्ठा उपयुक्ततेपायी खालावेल, असा आक्षेप येईल. परीक्षा जवळ आली की औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत मूळ कादंबरीआधी तिचे गाईड उचलले जाते, याची चिंता या आक्षेपकांनी आधी करावी. गाईड आणि तो व्हिडिओ एकाच कुळातले आहेत : दोन्ही उत्तर देतात, कारण देत नाहीत. कारण मागण्याची सवय ज्याला सर्व्हरच्या फाईलीपाशी लागली, तो कवितेपाशीही गाईडवर समाधान मानणार नाही.

दुसरा आक्षेप परिभाषेचा. आधी पोर्ट, राउटर, फायरवॉल यांना प्रतिशब्द घडवू, मग लिहू, असे म्हणणारे कधीच लिहीत नाहीत. नामे खुशाल बाहेरची असू देत. वाक्याचा कणा मराठी हवा. प्रत्येक शब्द संस्कृतोद्भव असूनही अर्थ न लागणारे शासकीय गद्य आपण पुष्कळ वाचले आहे.

आमची मागणी लहान आहे. उपयोजित मराठीच्या पत्रिकेत प्रत्येक विद्यार्थ्याने एका खऱ्या बिघाडाच्या शोधावर दोन पाने लिहावीत : सर्व्हर असो, शेतातला पंप असो की शिवणयंत्र. तपासणी प्राध्यापकाने एकट्याने करू नये. ती पाने अनोळखी माणसाच्या हाती द्यावीत, आणि दोष सापडला तर गुण द्यावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. सोहळे झाले, ते योग्यच. पण त्या मुलाला आपले मित्र आत का येत नाहीत हे समजून घ्यायला आजही दुसऱ्या भाषेच्या दारात उभे राहावे लागते. ते दार आतून लावून घेणारे आपल्याच विभागांत बसले आहेत.